दिवाणखान्यातलं आठशे लिटर पाणी

नवीन गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मासे कोणते ठेवायचे?" मी उलट विचारतो, "टँक कोणत्या भिंतीला लावायचाय? आणि त्या भिंतीखाली काय आहे?" पलीकडे क्षणभर गोंधळ उडतो. मग उत्तर येतं, "खाली? खाली जोशींचा फ्लॅट आहे." मला जोशी नको असतात, तुळई हवी असते.

लोकांच्या घरात मापाप्रमाणे मोठे फिश टँक बांधून देणं हा माझा धंदा. ठाणे, मुलुंड, डोंबिवली हा माझा पट्टा. दोन-तीन फुटी टँक दुकानातून उचलून रिक्षात घालून नेता येतो. सहा फुटी टँक तसा नेता येत नाही, तो त्या घरातच उभा करावा लागतो. या कामात मला एक गोष्ट पुरेपूर पटली आहे. डोळ्याला दिसतं त्याचे पैसे लोक हौसेने देतात. काच, दिवे, लाकूड, मासे यांच्यासाठी कुणी फारशी घासाघीस करत नाही. टँक टिकतो मात्र न दिसणाऱ्या गोष्टींवर : स्लॅबमधली तुळई, स्टँडची पातळी, पाइपातलं एक बारीक भोक, फिल्टरमधले जिवाणू. त्यांचे पैसे मागताना आणि त्यांच्यासाठी लागणारे दिवस मागताना जीव मेटाकुटीला येतो. घोडबंदर रस्त्यावरच्या एका घराचं काम सांगतो. त्यात हे जवळपास सगळं आलं.

सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. नवरा-बायको दोघं नोकरीवाले, शाळकरी मुलगी, आणि मालकांचे वडील. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणायचे, मग मीही म्हणू लागलो. अण्णांची उमेदीची वर्षं कारखान्यात फिटर म्हणून गेली होती. मालकांच्या डोक्यात चित्र पक्कं होतं : दिवाणखान्यात शिरल्याबरोबर समोर सहा फूट लांब आणि तीन फूट उंच पाणी. मोबाइलमध्ये सिंगापूरच्या कुठल्याशा हॉटेलातले फोटो होते. जुने मुंबईकर मला मरीन ड्राइव्हवरच्या, १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाची आठवण सांगतात, नवे सिंगापूर-दुबईची सांगतात. दोघांनी बघितलेली असते ती काचेची पुढची बाजू.

तीन फूट उंचीला मी नाही म्हटलं. पाण्याचा दाब ठरतो तो उंचीवरून. मागे आठशे लिटर असोत की आख्खा उपवन तलाव, काचेला फक्त खोली कळते. सहा फूट लांबीच्या काचेमागे दोन फूट पाणी उभं केलं तर त्या एका काचेवर एकूण साधारण ३४० किलोंचा रेटा येतो. उंची तीन फूट केली की तो साडेसातशेच्या वर जातो, कारण रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. काच जाड घ्यावी लागते, खर्च भराभर चढतो. हा झाला हिशेबाचा भाग. खरं कारण मी मालकांना त्यांचा हात पुढे करायला लावून दाखवलं. "तळाशी पडलेला मेलेला मासा काढायचाय, हात पोचतो का बघा." स्टँडची उंची धरून तीन फूट खोल हात घालायचा तर माणसाला स्टुलावर चढून अर्धं पाण्यात उतरावं लागतं. जिथे हात पोचत नाही तिथली स्वच्छता होत नाही, हे घराच्या माळ्याइतकंच टँकलाही लागू आहे. शेवटी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच असं माप ठरलं. उंचीतून कापलेलं मी रुंदीत दिलं. माशाला वळायला रुंदी लागते, आणि पाण्याचा पृष्ठभाग जितका मोठा तितका प्राणवायू सहज विरघळतो.

मग वजन. हे माप म्हणजे ३० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ ८५० लिटर. वरची दोन इंच मोकळी ठेवली तरी पावणेआठशे. एक लिटर म्हणजे एक किलो. त्यात १२ मिलिमीटरची काच, तीच सव्वाशे किलोंच्या वर. वाळू शंभर किलो, लोखंडी स्टँड, खालच्या सम्पमधलं, म्हणजे गाळणीच्या टाकीतलं पाणी. बेरीज बाराशे किलोंच्या आसपास गेली. हे सगळं उभं राहणार पंधरा चौरस फुटांवर, म्हणजे साधारण १.४ चौरस मीटरवर. राहत्या घराच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरायला सांगतं. आमचा टँक त्याच्या चौपट.

एवढं ऐकल्यावर मालकांचा चेहरा उतरला. स्लॅब पडेल असा याचा अर्थ नसतो. बारा बाय पंधराच्या खोलीचा पूर्ण स्लॅब धरला तर तो तीन हजार किलोंच्या वरच्या भारासाठी आखलेला असतो. अडचण आहे ती भार एका पट्ट्यात एकवटण्याची आणि तिथेच वर्षानुवर्षं राहण्याची. सत्यनारायणाला पन्नास माणसं येतात, प्रसाद घेऊन जातात. टँक जात नाही. म्हणून तो स्लॅबच्या मधोमध कधीच ठेवायचा नाही. भिंतीला चिकटून, खांबाजवळ आणि तुळईवर बसवायचा. सोसायटीच्या ऑफिसातून इमारतीचं आरसीसी ड्रॉइंग काढलं आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवलं. त्याने दोन जागा मान्य केल्या, तिसरीवर फुली मारली. ही फी द्यायला लोक फार कुरकुरतात. मी हे काम त्याशिवाय हातात घेत नाही. सेक्रेटरींना वजनाची फिकीर कमी आणि खालच्या जोशींच्या छताची जास्त होती. गळती झाली तर जबाबदारी कोणाची, हे त्यांनी लेखी घेतलं. मला ते आवडलं.

आता वास्तू. मालकीणबाईंच्या ओळखीच्या वास्तुतज्ज्ञांनी ईशान्येचा कोपरा सांगितला होता, सोबत आठ सोनेरी आणि एक काळा मासा. ईशान्येच्या कोपऱ्यात नेमकी पूर्वेची खिडकी. सकाळचं ऊन टँकवर पडलं की शेवाळ भसाभस वाढतं आणि पाणी तापतं. शिवाय इंजिनीअरची फुली त्याच कोपऱ्यावर होती. मी कुणाच्या श्रद्धेशी वाद घालत नाही, घरात त्यांना राहायचं असतं. टँक उत्तरेच्या भिंतीला, कोपऱ्यापासून चार फूट अलीकडे सरकवला तर तो तुळईवर येत होता आणि उन्हातून सुटत होता. अण्णा म्हणाले, "अहो, आख्खा हॉलच घराच्या ईशान्येला आहे. चार फुटांनी दिशा बदलते काय?" फोनवर तज्ज्ञांनीही मान्य केलं. नऊ माशांचा मुद्दा तूर्त बाजूला राहिला.

काम जूनमध्ये सुरू झालं. काचा एकेक करून लिफ्टने वर गेल्या. सहा बाय दोनची एक काच तेहतीस किलो भरते, तिला दोन माणसं आणि सक्शनच्या मुठी लागतात. साधी फ्लोट काच घेतली होती. टफन्ड काच एकदा भट्टीतून आली की तिला भोक पाडता येत नाही, पाडायला गेलं की तिचे दाणे होतात. आम्हाला मागच्या काचेला पाइपांची भोकं हवी होती. समोरच्या एका बाजूला तेवढी एक्स्ट्रा क्लिअर काच लावली. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे जाड काचेतून बघताना सगळं हिरवट दिसतं.

सिलिकॉनच्या बाबतीत मी हट्टी आहे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी रोखायचं औषध असतं, ते माशांना विष ठरू शकतं. टँकला लागतं ते औषध नसलेलं, भरताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडणारं. मालकीणबाईंनी त्या वासाने दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या. हे सिलिकॉन हवेतली ओल शोषून घट्ट होतं, म्हणून पावसाळा सुतारांना नडतो तसा मला नडत नाही. वरून ते दिवसात सुकल्यासारखं दिसतं, पण जाड सांध्याच्या आतला भाग पक्का व्हायला वेळ लागतो. मी मोठ्या टँकला आठवडाभर हात लावू देत नाही. "सुकलंय की, भरा आता," हे वाक्य मला प्रत्येक घरात ऐकावं लागतं.

स्टँड चौकोनी लोखंडी पाइपाचा, गंज टाळायला नीट रंगवलेला, वर आयएस ७१० मार्कचा मरीन प्लाय. साधा प्लाय शिंतोड्यांनी वर्षा-दोन वर्षांत फुगतो. इथे अण्णा पहिल्यांदा पुढे आले. माझ्या हातातली पाणसळ घेऊन त्यांनी चारही कडा आणि दोन्ही कर्ण तपासले, आणि एका पायाखाली पत्र्याची चकती घालायला लावली. घरातल्या फरशीला पाणी वाहून जायला किंचित उतार असतो, डोळ्याला तो कळत नाही. पाणी भरल्यावर कळतो. एका टोकाला रेषा वर, दुसऱ्या टोकाला खाली. दिसायला ते वाईट दिसतंच, शिवाय काचेच्या सांध्यांना पीळ बसतो. प्लाय आणि काच यांच्यामध्ये थर्मोकोलचा पातळ थर दिला. वाळूचा एखादा खडा जरी काचेखाली राहिला तरी सगळं वजन त्या टोकावर येतं.

आता माझ्या मते या कामाचा गाभा. वरच्या टँकमधलं पाणी एका कप्प्यातून ओसंडून पाइपाने खालच्या सम्पमध्ये उतरतं, तिथे कापूस, स्पंज आणि सिरॅमिकच्या कड्यांमधून गाळलं जातं, आणि पंप ते परत वर चढवतो. ताशी चार हजार लिटरच्या आसपास पाणी फिरलं तर एवढ्या टँकला पुरतं. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. चार-पाच फूट वर चढवताना प्रवाह कमी होतो, म्हणून पंप त्या हिशेबाने मोठा घ्यायचा. चाळीस वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट खातो. तेही मालकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वीज असते तोवर हे सगळं सुरळीत चालतं. वीज गेली की पंप थांबतो आणि वर जाणारा पाइप उलटा सायफन होतो. त्याचं तोंड पाण्यात जितकं खोल, तितकं पाणी खाली येतं. या टँकमधलं एक इंच पाणी म्हणजे पस्तीस लिटर. तोंड सहा इंच बुडालेलं असेल तर दोनशे लिटरांहून जास्त पाणी सम्पकडे धावतं, सम्प भरून वाहतो आणि मध्यरात्री जोशींच्या दाराची बेल वाजवावी लागते. उपाय फुकटचा आहे. त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडायचं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. काही जण एकदिशा झडप लावतात. तिच्यात शेवाळाचा धागा अडकला की ती मिटत नाही. भोकाला बिघडण्यासारखं काही नाही, महिन्यातून एकदा दातकोरण्याने साफ केलं की झालं. त्यानंतरही सम्प पूर्ण भरायचा नाही, परत येणाऱ्या पाण्याला जागा ठेवायची.

हे समजावत असताना मालक मोबाइल बघत होते. अण्णा मात्र खुर्ची ओढून स्टँडसमोर बसले. चाचणीच्या दिवशी मी त्यांनाच स्विच बंद करायला सांगितलं. पाणी खाली येऊ लागलं, सम्प चढू लागला. भोकातून बुडबुडे सुटून सुर्र आवाज झाला आणि सम्प काठाच्या चार बोटं खाली थांबला. अण्णांनी पट्टी लावून मोजलं, खडूने खूण केली आणि स्विच पुन्हा लावला. मग परत बंद केला. कामाची पारख असलेला माणूस घरात असला की माझं निम्मं ओझं उतरतं.

विजेच्या जोडणीतही अशाच दोन न दिसणाऱ्या गोष्टी असतात. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल द्यायचा, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोलाच्या तळाशी गळतो, सॉकेटपर्यंत चढत नाही. आणि टँकचं सर्किट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती होताच सर्किट तोडणाऱ्या स्विचवर, घ्यायचं. पाण्यात हात घालणारी शाळकरी मुलगी घरात असताना यावर चर्चा नको.

पाणी भरून आठवडाभर टँक नुसता उभा ठेवला, सांध्यांखाली कोरडा कागद पसरून. कागद कोरडाच राहिला. मग वाळू आणि दगड. दगडांसाठी लोक परदेशी नावांच्या मागे लागतात. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट यासाठी उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. शंका असेल तर दगडावर लिंबू पिळायचं. फेस आला की त्यात चुना आहे, तो पाणी जड करणार. मुलीने घरातली दोन लिंबं संपवून सगळे दगड तपासले. लाकडाचा ओंडका पिंपात भिजत घातला होता, कारण नवीन लाकूड पाण्याला चहाचा रंग देतं. वाळू धुण्यात एक आख्खा दिवस गेला, त्याचे पैसे सांगितल्यावर मालक हसले. "वाळू धुण्याचे?" मी म्हटलं, "न धुता टाकली तर गढूळ पाणी बघत बसण्याचे."

दगड मांडले, दिवे लागले, पाणी फिरू लागलं. टँक पूर्ण झाल्यासारखा दिसत होता. गणपती तोंडावर आले होते आणि मालकांना पाहुण्यांसमोर मासे हवे होते. खरी ओढाताण इथे होते.

मासा पाण्यात अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न कुजूनही अमोनियाच होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी असतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू नळाच्या पाण्यातून तयार मिळत नाहीत, फिल्टरच्या कड्यांवर त्यांची वस्ती व्हावी लागते. साधे जिवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी पूर्ण दिवस लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे जातात. या काळात टँकमध्ये मासे न घालता अमोनिया थोडा थोडा देत राहायचा आणि टेस्ट किटने मोजत राहायचं. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढतं, मग तेही शून्यावर येतं. माझ्या एका निरोगी जुन्या टँकमधला स्पंज आणून मी सम्पमध्ये टाकला, म्हणजे विरजण लागल्यासारखी वस्ती लवकर धरते. तरीही गणपतीपर्यंत नायट्राइट उतरलं नव्हतं.

मालक चिडले. "एवढे पैसे घातले आणि पाहुण्यांना नुसतं पाणी दाखवू?" त्यांना दुसऱ्या कुणीतरी दोन दिवसांत मासे घालून देतो म्हणून सांगितलंही होतं. घालता येतात. काही दिवस छान पोहतात, मग एकेक करून वर तरंगू लागतात, आणि दोष दुकानदाराच्या माशांना जातो. मी टेस्ट किटच्या नळ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. जांभळा रंग बघून ते गप्प बसले, पण पटलं असं म्हणता येणार नाही. निकाल अण्णांनी लावला. गणपतीत जो पाहुणा येईल तो विचारायचा, "अहो, मासे कुठायत?" अण्णांचं उत्तर ठरलेलं, "येणारेत. आधी त्यांचा संडास बांधतोय." मालकीणबाईंना ते अजिबात आवडायचं नाही, पाहुणे मात्र हसत हसत सम्प बघायला वाकायचे.

नवरात्राच्या सुमारास दोन्ही नळ्यांचे रंग शून्यावर आले आणि माशांची बोलणी सुरू झाली. मालकांना अरोवाना हवा होता, भाग्याचा मासा म्हणून. बाजारात मिळणारा सिल्व्हर अरोवाना हा दक्षिण अमेरिकेतला, पूर्ण वाढला तर तीन फुटांच्या आसपास जातो. अडीच फूट रुंदीत तीन फुटी मासा वळणार कसा, एवढंच मी विचारलं. मुलीने मिस केरळचा हट्ट धरला होता. लाल-काळ्या पट्ट्यांचा हा देखणा मासा आपल्या पश्चिम घाटातलाच. ज्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्याला सह्याद्रिया या नव्या प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं, त्यांत पुण्याचे डॉ. नीलेश दहाणूकर होते. निसर्गात तो आता धोक्यात आहे, आणि त्याला लागतं डोंगरातल्या ओढ्याचं गार, खळाळतं पाणी. ठाण्याच्या एप्रिलात दिवाणखान्यातलं पाणी बत्तीस अंशांना पोचतं. चिलर लावायची तयारी नव्हती, म्हणून तोही राहिला. रंगीत प्रवाळांची चौकशी झाली तेव्हा मी सरळ नकार दिला. प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे.

शेवटी पाण्याकडे बघून निवड केली. मुंबई-ठाण्याला धरणांतून येणारं पाणी मऊ असतं, पण घोडबंदरच्या अनेक सोसायट्यांत त्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी मिसळतं. आज मऊ, उद्या जड. अशा बदलाला टिकणारे आणि उष्णता सोसणारे मासे हवेत. फिलामेंट बार्बचा मोठा थवा घेतला. पश्चिम घाटातून समुद्राकडे उतरणाऱ्या नद्यांतला, दमदार मासा. सोबत बोसेमनी रेनबो, पुढून निळसर आणि मागून नारिंगी. तळाशी उत्तर भारतातल्या नद्यांमधले यो-यो लोच. आठ सोनेरी आणि एक काळा असा विषय पुन्हा निघाला, तेव्हा मालकीणबाईंनीच रेनबो मोजून आठ घ्यायला लावले. नववा काळा लोच धरू, असं अण्णा म्हणाले.

मासे एकदम सगळे आणले नाहीत. कोलकाता किंवा चेन्नईहून विमानाने थर्मोकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत आलेला मासा आधीच थकलेला असतो. तो आधी माझ्याकडे वेगळ्या टँकमध्ये दोन-तीन आठवडे राहतो. पांढरे ठिपके दिसले तर तिथेच उपचार करता येतात. मग पहिला लॉट टाकायचा, जिवाणूंना वाढलेला भार पेलू द्यायचा, आणि पुन्हा चाचणी करून दुसरा.

टँक सोपवताना मी मालकांना रोजचं काम समजावून दिलं. आठवड्याला वीस टक्के पाणी बदलायचं, म्हणजे दीडशे लिटर. म्हणूनच टँकपासून बाथरूमपर्यंतचं अंतर मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं. बादल्या वाहाव्या लागल्या तर हे काम दोन महिन्यांत बंद पडतं, नळी लावून होत असेल तर चालू राहतं. नवं पाणी ड्राय बाल्कनीतल्या पिंपात आदल्या दिवशी भरून क्लोरीन मारून ठेवायचं. दिवे आठ तासांच्या वर नाहीत. उन्हाळ्यात पृष्ठभागावर छोटे पंखे सोडायचे, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. हे अंश महत्त्वाचे, कारण पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांत साडेसात. आणि अन्न कमी. पाहुण्याला वाढतो तसं माशाला वाढायची आपल्याला सवय असते, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे असतं. पुढच्या एप्रिलात वीज बराच वेळ गेली तेव्हा अण्णांचा फोन आला होता, तक्रारीचा नव्हे. पाणी त्यांच्या खडूच्या खुणेवर थांबलं होतं, बॅटरीचा हवापंप चालू होता, आणि जोशी झोपलेले होते.

वर्षं जातात तसे काही टँक बंद होतात. बदली होते, घर विकलं जातं, हौस संपते. तेव्हा "मासे जवळच्या तळ्यात सोडू का?" असं विचारणारे भेटतात. मनात दया असते, म्हणूनच विचारतात. पण सोडलेला मासा डोळ्यांआड होतो आणि उपद्रव पाण्याखाली सुरू होतो. शेवाळ खायला म्हणून दुकानातून आणलेला सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. तो आज उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याचे काटेरी पर जाळी फाडतात, त्याला भाव मिळत नाही, आणि अधिवासात व अन्नात तो स्थानिक माशांशी वाटेकरी होतो. तो तिथे पोहत गेलेला नाही, कुणीतरी सोडलेला आहे.

म्हणून मोठा टँक घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. कोटेशन मागाल तेव्हा तुळई, भोक आणि सहा आठवडे यांचा उल्लेख त्यात आहे का ते बघा, नसेल तर दुसरा माणूस शोधा. आणि कधी टँक मोडायची वेळ आली, तर मासे ज्याच्याकडून घेतलेत त्याला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. तळ्यात, नदीत, विहिरीत सोडू नका.